ॲम्प घेताना आवाजासोबत माणूसही पारखा

घरातल्या मुलानं गिटार शिकायला घेतली की पहिली काही वर्षं खर्च बेताचा असतो. गिटार, तारांचे जोड, क्लासची फी, फार तर एक छोटा ॲम्प्लिफायर. मग मूल नोकरीला लागतं, किंवा तुमचे यजमानच चाळिशी उलटल्यावर कॉलेजातल्या छंदाकडे परततात, आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर कधी न ऐकलेलं नाव कानावर पडतं. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एक माणूस दोन-चार मदतनीस हाताशी घेऊन ॲम्प बनवतो. त्याचा एक ॲम्प जहाजभाडं आणि कस्टम ड्यूटी धरून सहज दोन-तीन लाखांच्या घरात जातो. शिवाय पैसे भरून काही महिने थांबायचं. फोटोत पाहिलं तर एक लाकडी खोका, त्याला पुढून चार-पाच बटणं. ‘यात एवढं आहे तरी काय?’ असं तुम्ही विचारता. उत्तर येतं, ‘टोन!’

हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. अशा छोट्या कारागिरांचे ॲम्प वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांशी बोलून पाहा. पाच मिनिटं ते आवाजाबद्दल बोलतील आणि पुढचा अर्धा तास त्या माणसाबद्दल. आपण पाठवलेल्या मेलला त्यानं स्वतः कसं उत्तर दिलं, वॉरंटी संपल्यावरही कसा एक भाग पाठवून दिला, महागडा ॲम्प मागितला तर ‘तुम्हाला याची गरज नाही’ असं कसं सांगितलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं वरवर वाटतं. तशा त्या नाहीत, आणि एवढी रक्कम मोजण्याआधी हे तुमच्याही लक्षात आलेलं बरं.

काचेच्या नळीतली ऊब

इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर जेमतेम शेजारच्या खुर्चीपर्यंत ऐकू येते. तारांखालचा पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार, त्या थरथरीची विजेची अगदी क्षीण लहर करून पुढे पाठवतो. ती मोठी करायची हे ॲम्पचं काम. पण लग्नाच्या मांडवातल्या लाउडस्पीकरसारखं ‘आहे तसं मोठं करणं’ गिटारवाल्याला नको असतं. त्याच्यासाठी गिटार हे अर्धं वाद्य आणि ॲम्प हे उरलेलं अर्धं.

तुमच्या घरी आजोबांचा जुना रेडिओ असेल तर तो आठवा. बटण फिरवल्याबरोबर तो बोलायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसायचा आणि मग सावकाश आवाज उमटायचा. त्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही एके काळी ते बनवले आहेत. ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओतून व्हॉल्व्ह गेले. गिटारच्या ॲम्पमधून मात्र ते हलले नाहीत. जुन्या रेडिओत स्पीकर चालवायला सर्रास असणारा ईएल ८४ हा व्हॉल्व्ह आजही कितीतरी नामांकित ॲम्पमध्ये बसवला जातो.

याचं कारण त्याच्या एका ‘दोषात’ आहे. पेलवेल त्याहून मोठी लहर आत आली की व्हॉल्व्ह तिचे शेंडे एकदम छाटत नाही, गोलसर दाबतो. त्यामुळे मूळ सुराबरोबर त्याच्या वरचे स्वरांशही जागे होतात आणि आवाज भरदार, किंचित गुरगुरता होतो. गिटारवाले याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. चांगल्या ॲम्पवर तार हलक्या हातानं छेडली तर आवाज स्वच्छ येतो, जोर लावला की तोच ॲम्प चिडल्यासारखा बोलतो. मध्ये एकाही बटणाला हात लावावा लागत नाही.

हे आपल्याला नवं नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली दोऱ्याचा बारीकसा तुकडा सरकवून जवारी लावतात. तार घोडीला जरा घासत राहते आणि त्यातून ते गुंजन उठतं. कोरड्या हिशेबानं पाहिलं तर तीही एक खरखरच, पण ती नसेल तर तंबोरा मुका वाटतो. मिरजेच्या गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर आधी विचारतो, गाणार कोण, पुरुष की बाई, पट्टी कोणती. उत्तर मिळाल्याशिवाय तो वाद्य पुढे करत नाही. गिटारच्या ॲम्पचा इतिहासही असाच विचारण्यातून आणि ऐकून घेण्यातून पुढे गेला आहे.

गिऱ्हाइकाचं ऐकलं म्हणून

या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव लिओ फेंडर. या गृहस्थांना गिटार वाजवता येत नव्हती! १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. आसपासचे वादक बिघडलेले ॲम्प घेऊन तिथे येऊ लागले. कुठला भाग सारखा जळतो, कुठला सांधा हादऱ्यानं सुटतो, हे त्यांना दुरुस्ती करताकरता कळलं. पुढे स्वतः ॲम्प बनवायला घेतल्यावर त्यांनी आतले भाग एका पट्टीवर मोकळे, ओळीनं मांडले. कोणता व्हॉल्व्ह कुठे, याचा छापील कागद खोक्याच्या आत चिकटवला. परगावच्या मेकॅनिकनं खोका उघडला तरी त्याला वाट सापडावी. त्या काळातले ॲम्प सत्तर वर्षांनंतरही दुरुस्त होऊन वाजतात, याचं श्रेय या साधेपणाला आहे.

आपल्याला वाजवता येत नाही, म्हणून फेंडर नवा नमुना वादकाच्या हाती देत आणि तो काय म्हणतो ते ऐकत. डिक डेल हा तरुण वादक इतक्या जोरानं वाजवायचा की त्याच्यापुढे स्पीकर टिकेनात. ‘जरा हळू वाजव’ असं सांगून त्याची बोळवण करता आली असती. फेंडर आणि त्यांच्या माणसांनी त्याचा कार्यक्रम जाऊन ऐकला आणि १५ इंची दणकट स्पीकरचा ‘शोमन’ ॲम्प तयार केला.

इंग्लंडमधली गोष्ट तर मला याहून आवडते. जिम मार्शल हे ड्रमचे शिक्षक. १९६० साली त्यांनी लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये वाद्यांचं दुकान थाटलं. ड्रमवाल्या पोरांच्या मागून गिटारवाली पोरंही येऊ लागली. मध्यवस्तीतल्या मोठ्या दुकानांत आपल्याला कोणी धड उभंही करत नाही, ही त्यांची तक्रार होती. मार्शल त्यांना बसवून घेत, बोलू देत. आम्हाला हवा तसा ॲम्प मिळत नाही, असं त्या पोरांनी सांगितलं तेव्हा १९६२ मध्ये मार्शल आणि त्यांच्या दुकानातल्या तंत्रज्ञांनी फेंडरच्या बेसमन ॲम्पचा आराखडा समोर ठेवून, मिळतील ते ब्रिटिश भाग वापरून स्वतःचा ॲम्प बांधला. भाग बदलले तसा आवाजही बदलला, आणि रॉक संगीताचा म्हणून आज जो आवाज आपण ओळखतो तो तिथून निघाला. पुढे ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता. त्यानं एकाच खोक्यात आठ स्पीकर मागितले. ते धूड उचलताना सामान वाहणाऱ्यांची कंबर मोडायची वेळ आली, तेव्हा त्याचे चार-चार स्पीकरचे दोन खोके करून एकावर एक ठेवले गेले. मंचावर गिटारवाल्याच्या मागे जी काळी भिंत दिसते, तिचा जन्म असा हमालांच्या सोयीतून झाला.

पुन्हा कॅलिफोर्निया. रँडल स्मिथ हा दुरुस्ती करणारा माणूस. त्यानं एका वादकाची गंमत करायची म्हणून फेंडरच्या चिमुकल्या प्रिन्स्टन ॲम्पमध्ये मोठ्या ॲम्पची यंत्रणा आणि १२ इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सँटाना दुकानात आला, तो वाजवून पाहिला आणि खूश होऊन त्यानं जो शब्द वापरला, त्यावरून ॲम्पला ‘बूगी’ हे नाव पडलं. १९६९ मध्ये सुरू झालेली मेसा बूगी ही कंपनी २०२१ मध्ये गिब्सननं विकत घेतली. गमतीत केलेली वस्तू गिऱ्हाइकाला आवडली, हे ज्याच्या वेळीच लक्षात आलं, त्याचा कारखाना झाला.

दोन कारागीर, दोन तऱ्हा

कपड्यांच्या दुनियेतला ‘बुटीक’ हा शब्द ॲम्पलाही लागला तो साधारण १९८०च्या दशकापासून. मोठ्या कंपन्या स्वस्त, घाऊक उत्पादनाकडे वळल्या होत्या आणि जुना आवाज शोधणारे वादक एकट्या-दुकट्या कारागिरांकडे जाऊ लागले. क्लीव्हलंडचे डॉक्टर झेड किंवा लॉस एंजेलिसचे मॅचलेस ही नावं तेव्हाची. पण दंतकथा झाली ती दोघांची.

न्यू जर्सीतले केन फिशर हे ट्रेनरेक नावाचे ॲम्प बांधत. आयुष्यभरात त्यांनी जेमतेम शंभरेक बांधले असतील. ते ॲम्पना क्रमांक देत नसत, बायकांची नावं देत. प्रत्येक ॲम्प स्वतः ऐकून, एखादी तार जराशी हलवून, एखादा भाग बदलून ते त्याचा आवाज लावत. दीर्घ आजारपणानं त्यांचं काम थांबत गेलं, पण त्यांनी आपली विद्या कोंडून ठेवली नाही. लुईझियानातल्या कोमेट या छोट्या कंपनीसाठी त्यांनी आराखडा करून दिला. ॲम्पचा जोर कायम ठेवून स्पीकरचा आवाज उतरवणारं त्यांचं ‘एअरब्रेक’ हे उपकरण डॉक्टर झेडनं बाजारात आणलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अशा उपकरणाची किंमत वेगळी सांगायला नको. फिशर २००६ मध्ये गेले.

दुसरे कॅलिफोर्नियाचे अलेक्झांडर डंबल. वादकाची वाजवण्याची ढब ऐकून ते ॲम्प त्याच्या हातासाठी जुळवत, एखादा शिंपी अंगावरचं माप घेतो तसा. रॉबेन फोर्डसारख्या वादकानं त्यांच्या ॲम्पला नाव मिळवून दिलं. मात्र आपली रचना कोणी चोरू नये म्हणून आतल्या भागांवर ते एपॉक्सी ओतत. राळेचा तो थर सुकला की आत काय आहे ते कुणाला दिसायची सोय नाही. २०२२च्या जानेवारीत डंबल वारले. जगात त्यांचे तीनशेच्या आसपास ॲम्प आहेत आणि त्यांच्या किमती आता तुमच्या-माझ्या हिशेबाबाहेर गेल्या आहेत.

डंबल यांच्या कानाला नमस्कार. पण गिऱ्हाईक म्हणून मला विचाराल तर मी फिशर यांच्या बाजूची. वस्तू बनवणारा माणूस कायम राहणार नाही. त्याच्या माघारी ती वस्तू उघडता, समजून घेता, दुरुस्त करता येणं हीसुद्धा सेवाच. फेंडरचा तो खोक्यात चिकटवलेला कागद मला राळेच्या थरापेक्षा मोठा वाटतो.

बंगळुरूचा एक मेल

आता जरा घरातलं. माझा भाचा बंगळुरूत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मित्रांबरोबर वाजवतो. गेल्या वर्षी त्यानं अमेरिकेतल्या अशाच एका छोट्या कारागिराला लिहिलं. तीस वॉटचा ॲम्प हवा, किंमत काय, कधी मिळेल, एवढाच मेल. उत्तरात किंमत नव्हती, प्रश्न होते. गिटार कुठली? खोली केवढी? भिंतीपलीकडे कोण राहतं? बँडमध्ये ड्रम आहेत का? ऐकून आवडलेला एखादा आवाज सांगता येईल का?

भाच्यानं सगळं लिहिलं. त्यावर त्या माणसानं कळवलं की तीस वॉट तुला घरात कधी मोकळेपणी वाजवताच येणार नाहीत, माझा लहान ॲम्प घे, तो स्वस्तही आहे. इथे एक गोष्ट सांगायला हवी. शंभर वॉटचा ॲम्प दहा वॉटच्या दहापट मोठा ऐकू येत नाही, साधारण दुप्पटच ऐकू येतो. पाच वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्पही पूर्ण उघडला तर सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही, कारण जास्त वॉट म्हणजे जास्त पैसे.

ॲम्प आला, महिनाभर उत्तम वाजला आणि मग ठरावीक स्वरांवर आतून काचेसारखी किणकिण येऊ लागली. भाच्यानं मोबाइलवर चित्रण करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. ॲम्प चालू ठेवून, मागच्या बाजूनं दिसणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हवर एकेक करून पेन्सिलच्या रबराच्या टोकानं हलकेच टकटक कर, जो स्पीकरमधून जोरात वाजेल तो दोषी. मग बंद कर, पूर्ण थंड होऊ दे, आणि तोच व्हॉल्व्ह शेजारच्याशी बदलून बघ. दोषी सापडला. नवा व्हॉल्व्ह टपालानं आला, पैसे घेतले नाहीत. सोबत एक चिठ्ठी होती, हातानं लिहिलेली. चुकीचा व्हॉल्व्ह माझ्याकडून गेला, ऐकून घ्यायला हवा होता.

बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, ॲम्पची किंमत पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्या चिठ्ठीनंतर तिनं तो विषय काढला नाही. उलट तिनं विचारलं, ‘आपल्या वॉशिंग मशीनवाल्याला असं कधी लिहिता येईल का रे?’

आता याची दुसरी बाजू. एकट्या माणसाच्या धंद्यात त्याचं आजारपण, म्हातारपण, घरातली अडचण हे सगळं तुमच्या ऑर्डरवर येतं. आगाऊ रक्कम घेऊन वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणारे कारागीरही आहेत. फोनवर गोड बोलणं आणि वेळेवर वस्तू देणं ही दोन वेगळी कौशल्यं. आणि ‘हातानं जोडलेलं’ या शब्दांना भुलू नका. नीट बनवलेला छापील सर्किटचा ॲम्पही सुरेख वाजतो. हातजोडणीचा खरा फायदा दुरुस्तीला होतो, कारण एक भाग काढून दुसरा बसवणं सोपं जातं. घरी हेडफोनवर सराव करणाऱ्या मुलाला तर आजचे डिजिटल ॲम्प पुरेसे आहेत, त्याच्यासाठी एवढा खटाटोप करूच नका.

पैसे भरण्याआधी

सर्वांत आधी विजेचा प्रश्न. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. तिथला ॲम्प थेट आपल्या सॉकेटला लावला तर फ्यूज जाईल, किंवा ट्रान्सफॉर्मरच जळेल. मधे स्टेपडाउन लावून काम भागतं, पण फक्त ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापू शकतो. म्हणून बांधायला घेण्याआधीच ‘भारतातल्या विजेसाठी ट्रान्सफॉर्मर बसवाल का?’ असं स्पष्ट लिहून विचारा. चांगला कारागीर या प्रश्नावर खूश होतो. ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

वॉरंटीत येण्याजाण्याचं भाडं कुणाचं, दुसऱ्याला विकल्यास वॉरंटी त्याच्याकडे जाते का, सर्किटचा आराखडा मिळेल का, हे विचारून उत्तर जपून ठेवा. व्हॉल्व्ह कुठले वापरलेत तेही विचारा. आज जगातले बहुतेक व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या तीन देशांत बनतात आणि ते झिजणारे भाग आहेत, बल्बसारखे. बाजारात सहज मिळणारे असतील तर पुढची काळजी मिटली.

घरातल्यांसाठी दोन सूचना मात्र कडक. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत शेकडो व्होल्टची वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ टिकून राहू शकते. त्यामुळे पत्र्याचा भाग उघडायचा तो फक्त जाणकार तंत्रज्ञानं. दुसरं, सॉकेटला खरं अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटं त्या तारांवर. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. शिवाय स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नये, त्यानं आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आणि काम मनासारखं झालं तर तसं कळवा. तक्रारीचा मेल आपण त्याच रात्री लिहितो, कौतुकाचा राहून जातो. मोठ्या कंपनीत तुमचं पत्र कुणाच्या टेबलावर पडेल सांगता येत नाही. इथे ते, ज्यानं तो सांधा जोडला, त्याच माणसाकडे जातं. नुसतं ‘खूप छान’ लिहून त्याला फारसा उपयोग नाही. कुठल्या गिटारवर, किती आवाजात, कुठल्या स्वराला काय झालं ते लिहा, जमलं तर मिनिटभर वाजवून पाठवा. माझ्या भाच्यानं पाठवलेला तुकडा ऐकून त्या कारागिरानं विचारलं होतं की मागे जो शिट्टीसारखा आवाज येतोय तो कसला. तो प्रेशर कुकरचा होता. कॅलिफोर्नियात कारागीर सकाळी दुकान उघडतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजत आलेले असतात. जेवणं उरकली की लिहायला बसा, तुमचं पत्र त्याला सकाळच्या पहिल्या कॉफीबरोबर मिळेल.